नित्यकर्म आणि चंद्रभागेचे पाणी

सज्जनहो, कीर्तनकाराला लोक नाना प्रश्न विचारतात. एकादशीचे पारणे केव्हा करावे, माळ तुटली तर काय करावे, सुतकात भजनाला बसावे की नाही. या प्रश्नांची उत्तरे वडिलांनी घालून दिलेली आहेत. ती सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. पण कधी एखादा साधा माणूस असा प्रश्न टाकतो, की पाठशाळेत घोकलेली सगळी मीमांसा डोळ्यांपुढे उभी राहते आणि तरी तोंडातून शब्द निघत नाही. २०१८ सालच्या आषाढीनंतर माझी अशीच गत झाली. प्रश्न सांडपाण्याचा होता. नाकाला पदर लावू नका, मंडळी, शेवटपर्यंत ऐका.

प्रश्न विचारणारे गृहस्थ आमच्या दिंडीतले माळकरी. वडिलांपासून घरात आषाढीची वारी. शिक्षणाने इंजिनिअर. नोकरी अशा एका संस्थेत, की जी आसपासच्या अनेक गावांचे सांडपाणी नळांनी एकत्र आणते, शुद्ध करते आणि मग नदीत सोडते. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे कामे दोन. उभी असलेली शुद्धीकरण केंद्रे रात्रंदिवस चालती ठेवायची हे एक, आणि नवी केंद्रे व नवे नळ यांचे प्रकल्प पार पाडायचे हे दुसरे. ही जबाबदारी त्या वर्षी नुकतीच त्यांच्या अंगावर पडली होती. प्रस्थानाच्या आधी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बुवा, पावसाळ्याचे दिवस आहेत. अठरा-वीस दिवस केंद्र दुसऱ्यावर टाकून निघायला मन घेत नाही. यंदा वारी राहू देऊ का?"

मी काय सांगितलं? म्हटलं, "अहो, संसाराची कारणं कधी संपली आहेत का? आज केंद्र आहे, उद्या मुलीचं लग्न निघेल. नेम म्हणजे नेम. पांडुरंगावर भार टाका आणि चला." हे सांगताना मला फार बरे वाटले. उपदेश करणाऱ्याला बरे वाटतेच; खर्च दुसऱ्याच्या पदरचा असतो.

ते आले, टाळ घेऊन चालले, पंढरीला पोचले. मागे एका रात्री मोठा पाऊस झाला आणि वीज गेली. केंद्रावर डिझेलचा जनरेटर होता. पण त्याची बॅटरी उतरलेली आहे हे बदलीच्या माणसाला ठाऊक नव्हते. हवा देणारी यंत्रे बंद पडली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. तोवर टाकीतले मर्म गेले होते. पुढे पंधरा दिवस गावांचा मैला जवळजवळ जसाच्या तसा नदीत गेला. खालच्या अंगाला काठावर मेलेले मासे लागले. एका गावात त्या पंधरवड्यात जुलाबाची साथ आली. ती याच पाण्याने आली असे सिद्ध करता येत नाही. नाही आली, असे छातीवर हात ठेवून म्हणताही येत नाही.

गृहस्थ वारीहून आले, हे सगळे पाहिले, आणि माझ्या दारात येऊन एवढेच विचारले, "बुवा, माझी वारी घडली की चुकली?"

आता एखादा म्हणेल, एका केंद्राचे एवढे काय घेऊन बसलात? तर आधी नदीची वाट पाहा. इंद्रायणी देहू-आळंदीवरून येते आणि तुळापूरला भीमेत मिळते. पवना मुळेत, मुळा मुठेत मिळते, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला येते. भीमा उजनीच्या धरणात विसावते, पुढे नीरा नरसिंहपूरला नीरेला पोटात घेते, आणि पंढरपुरात चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा होते. म्हणजे पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या न्हाणीघरात जे सांडते, त्याचीही शेवटची वाट पंढरीचीच आहे. माणसे वारी चुकवतात; सांडपाणी कधी चुकवीत नाही! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ दूषित पट्टे मोजले, त्यांत ५३ आपल्या महाराष्ट्रातले होते. त्या यादीत मुळा, मुठा, पवना होत्या, इंद्रायणी होती, भीमाही होती. आळंदीला पात्रावर पांढरा फेस तरंगताना आपण सर्वांनी अलीकडे पाहिला आहे, आणि त्याच पाण्याची ओंजळ आपण डोळे मिटून तोंडाला लावली आहे.

इथे भाविकांची एक शंका असते. तीर्थ ते तीर्थ. त्याला विटाळ कसला? समाधान असे. तीर्थाचे माहात्म्य आपल्या मनाचा मळ जावा म्हणून सांगितले आहे, आपला मैला त्यात सोडायची परवानगी म्हणून नव्हे. ज्या स्मृतिकारांनी तीर्थे गायिली त्यांनीच पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकूसुद्धा नये, असा निषेध केला आहे. आईची मांडी पवित्र म्हणून तिच्यात कोणी केर टाकतो का?

आता त्या केंद्रात होते काय, ते सांगतो. त्या गृहस्थांनी मला एकदा हाताला धरून सगळे दाखवले. पाणी आले की आधी जाळीतून जाते. तिथे चिंध्या, प्लास्टिक, केसांचे गुंते अडकतात. पुढे वाळू खाली बसते. मग येते मोठी टाकी. तिच्या तळातून यंत्राने अखंड हवा सोडतात. त्या हवेवर कोट्यवधी सूक्ष्म जीव जगतात आणि पाण्यातली घाण खाऊन टाकतात. पुढच्या टाकीत पाणी स्वस्थ उभे राहते, गाळ तळी बसतो, वरचे निवळलेले पाणी क्लोरीन देऊन नदीत जाते. आणि खरी खुबी इथेच आहे, बरं का. तळी बसलेला गाळ सगळा टाकून देत नाहीत. त्याचा बराच भाग फिरवून पुन्हा हवेच्या टाकीत, नव्याने आलेल्या घाण पाण्यात मिसळतात. ही युक्ती १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी दाखवून दिली. नुसती हवा देऊन पाणी शुद्ध व्हायला कित्येक आठवडे लागत. जुना मुरलेला गाळ राखून त्यावर नवे पाणी घातले, तेव्हा तेच काम काही तासांवर आले.

हे ऐकून मला आपला फडच आठवला. नवा माणूस एकटा बसून निवळत नाही. जुन्या, मुरलेल्या वारकऱ्यांच्या संगतीत पडला की लवकर निवळतो. पण संगत जिवंत पाहिजे. हवा थांबली की ते जीव गुदमरतात. भिंती जागच्या जागी असतात, टाकी भरलेली दिसते, आणि आतले चैतन्य गेलेले असते. बिघडलेले यंत्र एका दुपारी दुरुस्त होईल. मेलेली संगत पुन्हा जमायला पंधरा दिवस, महिना लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. योगक्षेम हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. भाष्यकारांनी त्याची फोड केली ती अशी, की जे आपल्यापाशी नाही ते मिळणे हा योग, आणि मिळालेले राखणे हा क्षेम. भगवंत दोन्ही वाहतो अशी आपली श्रद्धा. पण माणसांच्या कारभारात योगाला वाजंत्री आहेत, क्षेमाला कोणी विचारीत नाही. नव्या केंद्राच्या पायाभरणीला मंडप पडतो, नारळ फुटतो, पाटी बसते. जनरेटरची बॅटरी वेळेवर बदलली म्हणून कुणाच्या गळ्यात हार पडलेला मी पाहिला नाही. ते गृहस्थ मला म्हणाले, "बुवा, नव्या कामाला पैसा मिळतो, कारण तो एकदा लागतो आणि डोळ्यांना दिसतो. विजेचं बिल दर महिन्याला येतं, आणि त्याचं उद्घाटन करता येत नाही."

शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर प्रकल्प हे काम्यकर्म आहे. त्याला संकल्प आहे, फळ आहे, समाप्ती आहे, उद्यापन आहे. केंद्र चालवणे हे नित्यकर्म आहे, संध्येसारखे. नित्यकर्माविषयी मीमांसेत एक पक्ष असा आहे, की ते केल्याने वेगळे काही फळ पदरात पडत नाही. मात्र न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. पाठशाळेत हे घोकताना मला हसू येई. केल्याचे काही नाही आणि न केल्याचा दोष आहे, हा कसला व्यवहार? पण त्या टाकीच्या काठावर उभा राहिलो तेव्हा कळले. केंद्र नीट चालले तर काय घडते? काही घडत नाही. मासे मरत नाहीत, मूल आजारी पडत नाही, आपण चंद्रभागेत बुडी मारून सुखरूप घरी येतो. हे न घडणे हेच त्या कर्माचे फळ, आणि जे घडलेच नाही त्याबद्दल आभार कोण मानणार?

ही नुसती तत्त्वाची गोष्ट नाही. २०२१ साली त्याच केंद्रीय मंडळाने देशाचा हिशेब मांडला. शहरांतून रोज निघणारे सांडपाणी सुमारे ७,२३६ कोटी लिटर. ते शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या केंद्रांची ताकद रोज ३,१८४ कोटी लिटर. आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २,०२३ कोटी लिटर. पहिल्या दोन आकड्यांतले अंतर योगाचे आहे. अजून पुष्कळ बांधायचे राहिले. पण पुढच्या दोन आकड्यांतले अंतर पाहा. रोज ११६१ कोटी लिटरांची सोय बांधून झालेली असून तिचा उपयोग होत नाही. कुठे केंद्रापर्यंत नळच पोचले नाहीत, कुठे यंत्र बंद आहे, कुठे चालवणारा नाही. मंदिर बांधले, कळस चढवला, आणि पूजेला माणूस ठेवला नाही, अशातला प्रकार! विहीर, तलाव बांधण्याला शास्त्रकारांनी पूर्तकर्म म्हटले आहे, आणि जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या बांधकामाहून अधिक सांगितले आहे. त्यांना माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता.

मात्र योग हलका, असे माझे म्हणणे नाही. गाव वाढते, नवी घरे उठतात, आणि नवे केंद्र वेळेवर झाले नाही तर सगळा लोंढा जुन्यावर येऊन तेही बुडते. अशा संस्थेच्या कारभाऱ्याची परीक्षा हीच, की उद्याच्या कामासाठी आजच्या कामाचे तेल काढून घ्यायचे नाही, आणि आजच्या धावपळीत उद्याला विसरायचे नाही. संसारात तरी वेगळे काय आहे? मुलाच्या शिक्षणाला पैसे साठवायचे म्हणून आजची चूल बंद ठेवता येत नाही.

आता संतांना विचारू. पुंडलिकाच्या दाराशी प्रत्यक्ष परब्रह्म आले, आणि तो आईबापांच्या सेवेत होता. तो उठला नाही. अरणचे सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत अशी कथा आहे. देवच त्यांना भेटायला मळ्यात गेला, आणि आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. तेव्हा पांडुरंगाला कर्तव्यावर उभा असलेला भक्त खपत नाही, असे मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार? आणि २०१८ साली मी नेमके तेच सांगितले होते.

कोणी गोरोबाकाकांचे उदाहरण पुढे करील. भजनाच्या तंद्रीत पायाखाली मूल गेले तरी देवाने ते परत दिले ना? समाधान असे. गोरोबांची तन्मयता ठरवून आलेली नव्हती, आणि ती आपल्यापाशी नाही. शिवाय गोरोबांच्या चिखलात त्यांचे स्वतःचे मूल होते. आपल्या चिखलात दुसऱ्याचे मूल आहे. दुसऱ्याचे मूल पणाला लावून आपण देवाच्या चमत्काराची वाट पाहावी, ही भक्ती नव्हे.

दुसरी शंका याहून अवघड आहे. कामालाच भक्ती म्हटले, की प्रत्येक आळशाला वारी चुकवायला निमित्त सापडेल. दुकानदार म्हणेल माझे दुकान हीच पंढरी. हे खरे आहे, आणि या पळवाटेला मी आयुष्यभर विरोध केला. म्हणून मनाला दोन प्रश्न विचारावेत. मी उठून गेलो तर नुकसान कोणाचे? माझे असेल तर बेलाशक निघावे. तोटा सोसणे हेच तर व्रत. जे माझ्या भरवशावर झोपले आहेत त्यांचे असेल, तर थांबावे. आणि दुसरा प्रश्न, वारी राहिली याची हळहळ आहे का? सावता महाराज मळ्यात राहिले, पण त्यांच्या मळ्यात नाम होते. ज्याला हळहळच नाही, तो मळ्यात असो की दुकानात, त्याने सावत्यांचे नाव घेऊ नये.

आणि तिसरी शंका त्या गृहस्थांचीच. "मग काय बुवा, मी जन्मभर जायचंच नाही?" याचे उत्तर मला पुंडलिकाच्या विटेत सापडले. पुंडलिकाने देवाला परत पाठवले नाही आणि आईबापांचे पायही सोडले नाहीत. त्याने वीट फेकली. देवाला उभे राहायला सोय केली. कारभारी म्हणून तुमचेही तेच काम. क्षेम एका माणसाच्या खांद्यावर ठेवणे हा त्याग नाही, ती गैरव्यवस्था आहे. दुसरा हात तयार करा. काय केव्हा तपासायचे ते वहीत लिहून ठेवा. जनरेटर गरज पडण्याआधी चालवून पाहा. तुम्ही नसतानाही केंद्र चालले, तर ती तुमची वीट.

त्या गृहस्थांनी हे मनावर घेतले. २०१९ साली ते आषाढीला आले नाहीत. २०२० साली तर साथीमुळे कोणाचीच पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या, आणि आपण घरी बसून रडलो. त्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "बुवा, आज सगळ्यांची वारी राहिली. केंद्र मात्र एक तासही राहिलं नाही. चंद्रभागेला आज माणूस नाही, पण पाणी तर जातंच आहे." त्या दिवशी वारी जर कोणाची घडली असेल तर त्यांचीच घडली, असे मला वाटले. मधल्या काळात त्यांनी दोन तरुण तयार केले, आणि २०२२ पासून ते कार्तिकीला येतात. पाऊस उलगडलेला असतो, नदी शांत असते. आषाढी एकादशीचा उपवास ते केंद्रावरच करतात.

आता थोडे आपल्या पदरचे पाहू, कारण दुसऱ्याच्या कर्तव्यावर निरूपण करणे सोपे. त्या जाळीत अडकतात त्या चिंध्या आपल्याच घरच्या. गटारात ओततो ते तळणीचे तेल आपलेच. वारीनंतर पंढरपुरात वाळवंटातला मैला सफाई कामगार हातांनी उचलीत, हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तो मैला आपला होता. चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवून आपण पुढे जातो आणि मागे हे काम त्यांच्याच लेकरांसाठी ठेवतो, याला काय म्हणावे? गटाराच्या खोल विहिरीत सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साचतो. तो वाढला की नाकाची जाणच जाते, आणि आत उतरलेला माणूस वर येत नाही. माणसाला असे उतरवण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूला दहा लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. म्हणजे मधल्या वर्षांत माणसे मरतच होती. ज्या शुद्धीसाठी दुसऱ्याचा जीव जातो ती शुद्धी नव्हे. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहण्याआधी गाव झाडून काढीत. आपण तेवढे झाडणार नसू, तर निदान घाण तरी करू नये; दिंडीच्या मुक्कामावर केलेल्या शौचालयातच जावे, आणि गावात पुढारी आला की नव्या केंद्राची मागणी करताना जुने चालू आहे का, हेही विचारावे.

राहिला तो पहिला प्रश्न. वारी घडली की चुकली? २०१९ सालच्या काल्याच्या कीर्तनात, सगळ्या दिंडीसमोर, मी त्याचे उत्तर दिले. म्हटलं, "तुमच्या पायांची वारी घडली. प्रत्यवाय लागला तोही खरा. पण तो तुम्हाला लागला नाही. तुम्ही विचारायला आला होता. ज्यानं न पाहता, न विचारता 'चला' म्हणून सांगितलं, त्याला लागला." मग मी त्यांच्या पाया पडलो. ते मागे सरकले, लोक गोंधळले; पण ते ऋण मला तिथेच फेडायचे होते.

आता आषाढीला चंद्रभागेत उतरलो की ओंजळ घेण्याआधी वरच्या अंगाला एक नमस्कार करतो. तिकडे कुठेतरी एक माणूस वहीत आकडा लिहीत बसलेला असतो.

रामकृष्णहरि.